रिकामटेकडी ओळ

आमच्या सरांनी एकदा एका अर्धविरामाला फाशी दिली. खोटं वाटत असेल तर पनवेलच्या लाइन आळीत जाऊन विचारा. आता तिथे कोणी सांगणार नाही, ही गोष्ट वेगळी. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई क्लासला येत. त्यांनी प्रोग्राममधल्या एका ओळीच्या शेवटी चुकून दोन अर्धविराम दिले. सरांनी फळ्यावर खडूनं खांब काढला, दोर काढला, दुसरा अर्धविराम त्यात लटकवला आणि सगळ्या वर्गाला दोन मिनिटं उभं केलं.

"ह्याचा गुन्हा काय?" सरांनी विचारलं.

मग स्वतःच उत्तर दिलं.

"काही नाही. ह्यानं काहीही केलेलं नाही. तोच गुन्हा!"

बाई त्या दिवशी रडत घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा त्यांच्या टिकलीकडे सर इतक्या संशयानं बघत होते की आम्हाला वाटलं, आता हिचंही काम विचारतात.

गोष्ट नव्वदच्या आसपासची. खारघरला तेव्हा डोंगर आणि भातखाचरं सोडून काही नव्हतं, आणि पनवेलात कॉम्प्युटर बघायला लोक चपला काढून येत. आमचा क्लास एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होता. खाली जातं सुरू झालं की वर पडद्यावरची अक्षरं थरथरत. पीठ तर सगळीकडे. एकदा फ्लॉपी ड्राइव्ह झटकली तर त्यातून दोन भाकऱ्यांचं पीठ निघालं. मी स्वतः त्या भाकऱ्या खाल्ल्या आहेत. चवीला जरा लोखंडी होत्या, पण पचल्या. गिरणीचे मालक कादरभाई खालून ओरडत, "अरे मास्टर, तुमचे डब्बे खाऊन खाऊन माझं वजन कमी भरतंय!"

मी तिथे बेसिक शिकवायचो. सर पास्कल आणि सी शिकवायचे. माझ्या बेसिकला ते धर्मशाळा म्हणत. कोणीही यावं, कुठेही पथारी टाकावी. पास्कल त्यांचं लाडकं. "पास्कल दारातच विचारतं, काय काम आहे? काम नसेल तर आत घेत नाही." पास्कलमध्ये तुम्ही नुसतंच 'दोन अधिक तीन' लिहिलंत आणि ते पाच कुठे ठेवायचे ते सांगितलं नाहीत, तर व्याकरण तिथेच अडवतं. सी मात्र अडवत नाही. सी निमूटपणे दोन आणि तीन मिळवतं, पाच हातात घेतं, इकडे तिकडे बघतं आणि टाकून देतं. फार तर एक बारीकशी सूचना दाखवतं, की बाबा, ह्या ओळीचा काही परिणाम नाही. ती कोणी वाचत नाही.

अशा ओळीला सर 'रिकामटेकडी ओळ' म्हणत. हा शब्द उच्चारताना त्यांच्या कपाळावरची शीर फुगून दोरीएवढी व्हायची.

माणूस हाडाचा. म्हणजे हाडंच. अंगावर जास्तीचं मांस नव्हतं, तसं कपड्यांवर जास्तीचं काही नव्हतं. कॉलरचं बटण कधी लावत नसत, म्हणून त्यांनी ते कापून टाकलं होतं. शर्टाच्या आतल्या बाजूला शिंप्यानं एक जादा बटण शिवलेलं असे. तेही कापून शिंप्याला परत नेऊन दिलं. लग्न नव्हतं. एकदा मुलगी बघायला पेणला गेले होते म्हणे. मुलीचे वडील म्हणाले, "घर आपलंच समजा." सरांनी विचारलं, "कशावरून?" तिथेच बैठक संपली.

त्यांच्याशी बोलणं म्हणजे परीक्षा. "सर, आलात?" म्हटलं की, "दिसतोय ना? मग ही ओळ कशाला?" एसटीचा कंडक्टर म्हणे, "पुढे सरका, पुढे सरका." सर त्याला समजावून सांगत, की पुढे जागा नाही, तेव्हा तुझ्या वाक्याचा परिणाम शून्य आहे, तू ते काढून टाक. कंडक्टरनं सरांनाच काढून टाकलं होतं एकदा, उरण नाक्यावर.

हसायचं तेवढं इथेच हसून घ्या.

सरांचा खरा जीव होता तो 'चाळणी'त. ही त्यांनी स्वतः लिहिलेली एक आज्ञावली. सी मधला कुठलाही प्रोग्राम तिच्यातून गाळला की रिकामटेकडी ओळ दिसताच ती थांबायची आणि पडद्यावर तांबड्या अक्षरात 'काम काय?' असं विचारायची. ओळ काढल्याशिवाय पुढे जायची नाही. नऊ वर्षं सर ती घासूनपुसून कडक करत होते. सुरुवातीला नुसती बेरजा-वजाबाक्यांवर अडायची. मग मीच एकदा आगाऊपणा केला. म्हटलं, "सर, दोन अर्धविराम तर तुमच्या पास्कललाही चालतात की." सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चाळण दोन अर्धविरामांवरही अडायला लागली होती. सर म्हणाले, "पास्कलसुद्धा लेचंपेचं आहे हो."

आणि शेवटी त्यांनी सगळ्यात कडक नियम घातला. "प्रश्न विचारला तर उत्तर घ्यायचं. उत्तर घ्यायचं नसेल तर विचारायचं नाही." म्हणजे प्रोग्रामनं एखाद्या यंत्राला विचारलं, की बाबा, तुझा आकडा काय, आणि तो आकडा कुठेच ठेवला नाही, तर ती ओळही रिकामटेकडी. ह्या नियमावर सर इतके खूश होते की तो छापून भिंतीवर लावला. खाली मोठ्या अक्षरात: 'जी ओळ काही करत नाही, ती काढल्यानं काही बिघडत नाही.'

बिनतोड वाक्य. मी पण वहीत उतरून घेतलं होतं.

आता हसुराम. रोडपालीचा. जमीन गेल्यावर जवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात लागला होता. तिथे सहा टाक्या होत्या. प्रत्येक टाकीपाशी गॅस हुंगणारं एक यंत्र, आणि हसुरामच्या खोलीत सहा दिवे आणि एक भोंगा. गॅस गळला की त्या टाकीचा दिवा लागायचा, भोंगा वाजायचा. हे सगळं एक कॉम्प्युटर बघायचा. हसुराम पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. पण आपण ज्याच्यासमोर आठ तास बसतो त्या डब्यात काय चाललंय ते कळावं, म्हणून शिफ्ट संपली की सायकल मारत क्लासला यायचा. वर्गात सगळ्यांत मागे बसून जीभ बाहेर काढून लिहायचा. सरांचा त्याच्यावर विशेष लोभ. कारण हसुराम उगाच बोलत नसे.

त्याच्या कारखान्यातला तो प्रोग्राम मध्येच अडकायचा. तो लिहिणारा पुण्याचा इंजिनियर नोकरी सोडून आखातात गेला होता. हसुरामनंच मॅनेजरला सांगितलं, "आमचे सर हायेत. पनवेलला." मॅनेजर क्लासवर आला, पीठ लागू नये म्हणून खुर्चीवर रुमाल पसरून बसला आणि फ्लॉपी देऊन गेला. नऊ वर्षांत चाळणीला पहिल्यांदा खरं धान्य मिळालं होतं.

चाळण एकेचाळीस ठिकाणी अडली.

"बघा! बघा हे!" सर नाचत होते, अक्षरशः. "एकेचाळीस रिकामटेकड्या! एवढी गर्दी असल्यावर प्रोग्राम अडकणार नाही तर काय!"

त्या एकेचाळिसांत एक ओळ अशी होती, की प्रोग्राम एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर गेला की तो यंत्राला आकडा विचारायचा आणि उत्तर टाकून द्यायचा. मग लगेच पुन्हा तोच प्रश्न विचारायचा, आणि ह्या वेळी उत्तर ठेवायचा. सरांनी त्यावर खडूनं नाही, बोटानं फास काढला, टेबलावरच्या पिठात.

हसुराम मागे उभा होता. म्हणाला, "सर, ती ओल काढू नका."

सरांनी वर पाहिलं. "काय काढू नको?"

"ती ओल. पयला आकडा टाकायची. ते पुण्याचं सायेब बोलायचं, पयला आकडा टाकायाच लागतो."

"ओल म्हणजे दमटपणा. भिंतीला येते ती. ओळ म्हण. ळ."

"ओल."

"ळ! जीभ वर वळव. ळ!"

हसुरामनं पाच मिनिटं जीभ वळवली. वर्ग हसला. मीही हसलो, खोटं कशाला सांगू, सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. ओळ निघून गेली.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. वर्ग भरायच्या आधी, मुद्दाम. मी तिथेच होतो. तो म्हणाला, "सर, आमचे गावात नल येतो ना, तवा पयली घागर आमी ओतून देतो. पायपात कालचं पानी अडकलेलं असतं. ते आजचं नसतं. तसं काय तरी हाय ह्यात."

सर चिडले नाहीत. त्यांनी त्याला खुर्ची दिली. "हसुराम, हा नळ नाही. हे गणित आहे. पण तुझी शंका मी तपासतो." आणि त्यांनी तपासलं, हे मला सांगितलंच पाहिजे. मॅनेजरकडून एक हुंगणारं यंत्र मागवलं, क्लासच्या टेबलावर जोडलं, कापसाला स्पिरिट लावून त्याच्या नाकाशी धरलं. ओळ असताना जो आकडा आला तोच ओळ नसताना आला. पन्नास वेळा केलं. पन्नासही वेळा तोच.

"पटलं?" सर म्हणाले.

हसुरामनं त्या यंत्राकडे बोट केलं. "पर हितं एकच हाय, सर," तो म्हणाला. "थितं सा हायेत."

"सहा असोत की साठ. यंत्र तेच."

"तुमी बोलता तर बरोबरच असंल," हसुराम म्हणाला, आणि जाऊन मागच्या बाकावर बसला.

कामाचा अहवाल मी टाइप केला. 'एकूण एकेचाळीस निरर्थक ओळी काढल्या. कामावर परिणाम: काही नाही.' खाली सरांची सही. प्रोग्राम कारखान्यात बसवला, तो पुन्हा एकदाही अडकला नाही. बटण दाबून भोंगा तपासला, खणखणीत वाजला. मॅनेजरनं पेढे पाठवले. सरांनी पेढा खाल्लेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पुढे काय झालं ते मी न फुगवता सांगतो. मला ते जमत नाही, पण सांगतो.

हुंगणारी यंत्रं सहा, पण त्यांचे आकडे घेणारं कॉम्प्युटरच्या डब्यातलं यंत्र एकच, आणि ते एका वेळी एकाच टाकीचं ऐकायचं. पहिली, दुसरी, तिसरी असं फिरायचं. आणि टाकी बदलल्यावर पहिल्यांदा विचारलं की ते आधीच्या टाकीचा, पोटात राहिलेला आकडा द्यायचं. पाइपातलं कालचं पाणी. म्हणून पुण्याचा माणूस पहिला आकडा ओतून देत होता. आमच्या टेबलावर एकच टाकी होती. आधीचं पाणीही तिचं आणि नंतरचंही तिचंच. कारखान्यात ती ओळ गेल्यावर प्रत्येक टाकीचा आकडा पुढच्या टाकीच्या नावावर पडायला लागला. सगळ्या टाक्या चांगल्या होत्या तोवर सगळे आकडे शून्य होते, आणि शून्य कोणाच्याही नावावर पडलं तरी कळत नाही.

चार महिन्यांनी, दुपारी, तिसऱ्या टाकीचा सांधा सुटला. भोंगा वाजला. दिवा लागला चौथीचा.

चौथीचा दिवा लागला तर तिसरीच्या बाजूनं जाऊन मधला व्हॉल्व्ह बंद करायचा, असा तिथला नियम होता. बाकीचे चौथीपासून लांब पळाले. हसुरामचा सोबती नंतर मला सांगत होता, "मी बोललो त्याला, थांब, वास हिकरनं येतोय. तो बोलला, दिवा सरांनी केलाय, दिवा खोटा नाय बोलनार." तो तिसरीच्या बाजूनं गेला.

तीन दिवस दवाखान्यात होता. मी गेलो होतो. सर रोज दाराबाहेर उभे राहायचे, आत जायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी संपलं.

सरांनी त्याच रात्री ती ओळ पुन्हा घालून सहा यंत्रं जोडून पाहिलं असेल, कागदावर मांडलं असेल, मला माहीत नाही. सकाळी मी क्लासवर आलो तेव्हा ते पायरीवर बसले होते. म्हणाले, "ती ओळ काम करत होती."

मग चौकशी. कारखान्याच्याच एका खोलीत, एक सरकारी अधिकारी, मॅनेजर, आणि आम्ही दोघं. प्रश्न एवढाच होता, की चूक कोणाची. मॅनेजरच्या कागदावर लिहून तयार होतं: कामगारानं घाईत, इशारा नीट न समजता, चुकीच्या टाकीकडे धाव घेतली. दारूचाही उल्लेख होता, 'शक्यता' म्हणून. हसुराम नारळी पौर्णिमेच्या नारळाच्या पाण्यापलीकडे काही प्यायलेला मी पाहिला नाही.

सर उभे राहिले. "हे खोटं आहे. चूक माझी आहे. मी एक ओळ काढली."

अधिकारी भला माणूस होता. त्यानं पेन खाली ठेवलं. "कोणती ओळ? काय करत होती ती?"

"आकडा वाचून टाकून देत होती."

"टाकून देत होती. मग त्या आकड्याचं पुढे काय व्हायचं?"

"काही नाही."

"म्हणजे ती ओळ काहीच करत नव्हती."

सरांनी सांगायला सुरुवात केली: यंत्राच्या पोटातला आकडा, आधीची टाकी, पुढची टाकी. त्यांना सांगता येईना. आयुष्यभर त्यांनी मोजून शब्द वापरलेले. लागले तेव्हा सापडेनात. ते म्हणाले, "नळासारखं आहे... पहिली घागर..." अधिकारी मॅनेजरकडे बघायला लागला.

मॅनेजरनं शांतपणे फायलीतून दोन कागद काढले. एक मी टाइप केलेला अहवाल. दुसरा क्लासच्या भिंतीवरचा, आम्ही नव्या विद्यार्थ्यांना फुकट वाटायचो तो. त्यानं मोठ्यानं वाचलं, "जी ओळ काही करत नाही, ती काढल्यानं काही बिघडत नाही." मग म्हणाला, "सर, हे आपलंच ना? विद्यार्थी गेल्याचं दुःख मी समजू शकतो. पण दुःखात माणूस काहीही अंगावर घेतो."

"ते वाक्य चूक आहे," सर म्हणाले.

"कधीपासून?" मॅनेजरनं विचारलं.

अधिकाऱ्यानं सरांना पाणी दिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. हसुरामनं सांगितलेलं मी ऐकलं होतं, तीनही वेळा. मी हातातल्या कागदांच्या कडा जुळवत बसलो. निकाल लागला: कामगाराची चूक. मालकाची नाही, यंत्राची नाही, सरांची तर नाहीच. सरांना त्यांनी निर्दोष सोडलं, हातपाय बांधून.

सरांनी पुढे निकालाविरुद्ध सरकारला सात पत्रं लिहिली. एकालाही उत्तर आलं नाही. क्लास बंद केला. चाळणीच्या सगळ्या फ्लॉप्या कात्रीनं कापल्या, मी सातव्या फ्लॉपीच्या वेळी हात धरला तर म्हणाले, "सोडा. आता तरी हिला काही करू दे." ह्याचा अर्थ मला कळला नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

मग एक दिवस म्हणाले, रोडपालीला चला.

हसुरामची बायको, गुलाब, ओटीवर मासळी कापत होती. दोन्ही मुली शाळेत होत्या. तिनं आम्हाला बसायला चटई टाकली. सर बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं. ह्या वेळी थोडक्यात सांगता आलं.

"त्यानं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्याची चूक नव्हती. तो प्यायलेला नव्हता."

गुलाबनं हातातला कोयता खाली ठेवला. शेजारच्या घरात कोणीतरी रेडिओ बारीक केला.

"तो पियालेला नव्हता ते माला ठाव हाय," ती म्हणाली. "ते तुमी माला नका सांगू. गावाला सांगा. माझे पोरींला शालेत बोलतात, तुजा बापूस पिऊन मेला."

"कोणाला सांगू? मी सगळ्यांना सांगितलं. कोणी ऐकत नाही."

"मंग लिवून द्या."

"त्या कागदाचा काही उपयोग होणार नाही, बाई. चौकशी संपली. त्या कागदानं काही बदलणार नाही."

"तुमी द्या लिवून," गुलाब म्हणाली. "आनि मंग परत येऊ नका."

सरांनी माझ्याकडून वहीचं पान घेतलं. ओटीच्या खांबाला टेकवून लिहिलं. चार ओळी. खाली सही, पूर्ण नाव, पनवेलचा पत्ता. तिनं कागद घेतला, उलटासुलटा बघितला. तिला वाचता येत नव्हतं. सरांनी वाचून दाखवू का विचारलं. ती म्हणाली, "तुमी नको."

सर त्यानंतर पनवेलात फार राहिले नाहीत. कुठे गेले त्याच्या पाच-सहा गोष्टी मी वेळोवेळी सांगितल्या आहेत आणि त्या सगळ्या मीच रचलेल्या आहेत.

दोनेक वर्षांनी रोडपालीत कामानिमित्त गेलो होतो. गुलाबनं रस्त्यावरून ओळखलं आणि हाक मारून घरात घेतलं. हसुरामच्या फोटोशेजारी तो कागद प्लॅस्टिकमध्ये बसवून, चौकट करून लावला होता. घरात जो कोणी वाचता येणारा येईल, मीटरवाला, पोस्टमन, सोयरा, त्याला चहाच्या आधी त्या कागदासमोर उभा करायचा, असा त्या घराचा रिवाजच झाला होता. दोन्ही मुलींना तो पाठ होता, पण त्यांच्या तोंडचा तिला चालत नसे. परक्याच्याच तोंडून पाहिजे.

"वाचा," ती म्हणाली. "मोट्यानं. तिकरं शेजारीन हाय, तिला ऐकू गेलं पायजे."

मी वाचायला लागलो.